मॅजिनो लाइन फसली, की दुसऱ्यांचं अपयश तिच्या नावावर खपवलं गेलं?

तटबंदी

खर्चिक आणि निरुपयोगी संरक्षण म्हटलं की मॅजिनो लाइनचं नाव निघतं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: फ्रेंचांनी अब्जावधी फ्रँक ओतून सरहद्दीवर काँक्रीटचे किल्ले बांधले, जर्मन त्यांना वळसा घालून आले आणि सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. ज्यांनी ती बांधली त्यांच्यावर अन्याय करणारी, आणि जे आत राहून लढले त्यांच्यावर त्याहून जास्त.

आधी तेव्हाची परिस्थिती बघा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक गेले. लोकसंख्या ४ कोटींच्या आसपास, शेजारच्या जर्मनीची ६ कोटींच्या वर. युद्धाच्या वर्षांत जन्म निम्म्यावर आले होते. १९१५ ते १९१९ मध्ये जी मुलं जन्मलीच नाहीत ती १९३५ ते १९३९ मध्ये सैन्यात भरती होणार नव्हती, हे १९२० सालीच कागदावर दिसत होतं. त्यात १९२८ च्या कायद्याने सक्तीची लष्करी सेवा एका वर्षावर आली. ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या फ्रान्सकडच्या पट्ट्यात, असलेलं फ्रेंच सैन्य जून १९३० मध्ये परतलं. म्हणजे माणसं कमी, आणि मध्ये असलेला पट्टाही गेला. शिवाय आल्सास आणि लोरेन, जे नुकतंच परत मिळालं होतं आणि जिथे लोखंडाच्या खाणी होत्या, ते थेट सरहद्दीला लागून.

१४ जानेवारी १९३० ला संसदेने २९० कोटी फ्रँक मंजूर केले. तेव्हाचे युद्धमंत्री आंद्रे मॅजिनो. हा माणूस १९१४ साली खासदार असताना साधा शिपाई म्हणून आघाडीवर गेला, व्हर्दँजवळ पायाला गोळी लागली आणि पुढे आयुष्यभर काठी घेऊन चालला. जानेवारी १९३२ मध्ये तो वारला, म्हणजे त्याच्या नावाची लाइन पुरी झालेली त्याने पाहिलीच नाही. आराखड्यांचं बरंचसं काम त्याच्या आधीचे मंत्री पोल पँलेव्हे यांच्या काळात झालं होतं. आणि पहिलं बांधकाम जर्मनीसमोर सुरू झालं नाही! ते १९२८ मध्ये आल्प्समध्ये रँप्ला इथे, मुसोलिनीच्या इटलीसमोर सुरू झालं.

अपेक्षा काय होती? अचानक हल्ला आला तर सैन्याची जमवाजमव होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे मिळावेत, खाणी-कारखाने वाचावेत, कमी माणसांत लांबलचक सरहद्द राखता यावी, आणि शत्रूला यायचंच असेल तर त्याने बेल्जियमच्या बाजूने यावं. जर्मन नेमके त्याच बाजूने आले. मग फसलं ते काय? तुमची मतं ऐकायला आवडतील. सहमतीच हवी असं नाही.

चहाबाज

हा धागा दोनशे प्रतिसादांपर्यंत जाणार. कपबशी मांडून बसलो आहे.

पेठकर_७१

तटबंदी, मांडणी छान, पण असहमत. "अमुक दिशेने यावं" अशी अपेक्षा होती आणि शत्रू तिथून आला, तर त्या दिशेची तयारी कुठे होती? घराचं पुढचं दार पोलादाचं केलं आणि मागच्या दाराला कडी लावली नाही, तर पुढच्या दाराचं कौतुक कशाला करायचं? तोच पैसा रणगाडे आणि विमानांत घातला असता तर १९४० वेगळं झालं असतं. फ्रेंच लष्करी अधिकारी द गॉल १९३४ पासून व्यावसायिक चिलखती सैन्य उभारा म्हणून सांगत होता. खासदार पोल रेनो सोडला तर संसदेत त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

तटबंदी

@पेठकर, मागच्या दाराकडे येऊच, तो मुद्दा मोठा आहे. रणगाड्यांचं मात्र पटत नाही. १९४० च्या मेमध्ये फ्रान्सकडे रणगाडे जर्मनीपेक्षा कमी नव्हते. शार बी-१ आणि सोमुआ या फ्रेंच रणगाड्यांचं चिलखत आणि तोफ बहुतेक जर्मन रणगाड्यांपेक्षा सरस होती. कमतरता होती ती रेडिओची, आणि रणगाडे एकत्र वापरण्याच्या विचाराची. बरेचसे पायदळाच्या तुकड्यांत वाटून टाकले होते. दुसरं म्हणजे मुख्य बांधकाम १९३० ते १९३५ मधलं. त्या पैशात तेव्हाचे रणगाडे घेतले असते तर १९४० पर्यंत ते भंगारात जमा झाले असते. काँक्रीट मात्र दहा वर्षांत जुनं होत नाही.

ऋतुजा_व

मला सैन्यातलं फार कळत नाही, म्हणून सरळ विचारते. लाइन समुद्रापर्यंत का नेली नाही? नकाशावर बघितलं तर बेल्जियमची सरहद्द उघडीच दिसते.

इतिहासकोश

ऋतुजाताई, सगळ्या वादाचं मूळ याच प्रश्नात आहे.

पहिलं कारण राजकीय. १९२० पासून फ्रान्स आणि बेल्जियम यांच्यात लष्करी करार होता. युद्ध झालं तर फ्रेंच सैन्य बेल्जियममध्ये शिरून तिथेच लढणार असं ठरलेलं. अशा वेळी त्या सरहद्दीवर किल्ले बांधणं म्हणजे मित्राला सांगणं की तू बाहेर, आम्ही आत. दुसरं कारण भूगोलाचं. लील, व्हालँसिएनचा पट्टा सपाट, दाट वस्तीचा, खाणी-गिरण्यांनी भरलेला, आणि पाणी जमिनीखाली लगेच लागणारं. तिथे तीस मीटर खोल भुयारं खणणं सोपं नव्हतं. तिसरं कारण युद्धनीतीचं: १९१४ ते १९१८ मध्ये उत्तर फ्रान्स उद्ध्वस्त झाला होता, पुढचं युद्ध आपल्या जमिनीवर नको अशी तीव्र इच्छा होती.

मग मार्च १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं. फ्रान्स गप्प बसला. ते बघून बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिसरा याने ऑक्टोबर १९३६ मध्ये तटस्थतेची घोषणा केली. आता फ्रेंचांना युद्ध सुरू होईपर्यंत बेल्जियममध्ये पाऊल टाकता येईना, संयुक्त आखणी जवळपास बंद पडली. एवढ्या उशिरा, मंदीच्या काळात, उत्तरेला पहिल्यासारखे किल्ले बांधायला ना वेळ होता ना पैसा. माँमेदी आणि मोबज भागात थोडी कामं झाली, बाकी ठिकाणी छोटे काँक्रीटचे मोर्चे.

माझं मत: खरी फट १९३६ साली परराष्ट्र धोरणात पडली.

शार्दूल_मावळा

+१. आणि "वळसा घातला" हेही ढोबळ आहे. बेल्जियमच्या मैदानातून हल्ला येणार हे फ्रेंचांनी धरलंच होतं, आणि त्यासाठी त्यांचं सर्वोत्तम, मोटारींवर चालणारं सैन्य तिथे पाठवलं. जर्मनांचा मुख्य घाव आला मध्ये, आर्देनच्या जंगलातून, म्हणजे लाइनचं टोक जिथे संपतं त्याच्या जरा पश्चिमेला.

१० मे १९४० ला हल्ला सुरू. जर्मन जनरल गुडेरियनचे रणगाडे अरुंद घाटरस्त्यांवर मैलोन्‌मैल रांग लावून उभे होते. फ्रेंच टेहळणी वैमानिकांनी ती रांग पाहून कळवलं, वरच्यांना खरं वाटेना. १३ तारखेला सेदाँ शहरावर लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, तासन्‌तास बॉम्ब टाकले आणि संध्याकाळी जर्मन पायदळ रबरी होड्यांतून म्यूझ नदी पार झालं. समोर होती ती ५५ वी डिव्हिजन, वयस्क राखीव सैनिकांची, अपुऱ्या रणगाडाविरोधी तोफांची. बुल्सोनजवळचा फ्रेंच प्रतिहल्ला रात्रीऐवजी १४ च्या सकाळी निघाला, तोवर जर्मन रणगाडे पूल ओलांडून आलेले. २० मेला ते समुद्रापाशी.

आणि सगळ्यात वाईट काय, तर फ्रेंचांची मध्यवर्ती राखीव फौज, जनरल जिरोची ७ वी आर्मी, सेनापती गामलँने आधीच हॉलंडमधल्या ब्रेडाकडे पाठवायचं ठरवलं होतं. भगदाड पडलं तेव्हा बुजवायला मागे कुणीच नाही. यात मॅजिनोच्या काँक्रीटचा काय दोष?

पेठकर_७१

दोष मानसिकतेचा. पेतँ १९३४ साली युद्धमंत्री असताना म्हणाला की आर्देन ओलांडता येणार नाही. किल्ल्यांच्या भरवशावर सगळे निवांत झाले.

इतिहासकोश

पेतँच्या म्हणण्याला पुढची अट होती: तिथे विशेष बंदोबस्त केला तर. बंदोबस्त झाला नाही, अट लोक विसरले, पहिला भाग मात्र लक्षात राहिला. निवांतपणाबद्दल सहमत.

निवृत्त_यंत्रज्ञ

राजकारण तुम्ही बोला, मी यंत्रांबद्दल बोलतो. माझी सगळी नोकरी भूमिगत वीजगृहांत गेली, त्यामुळे या किल्ल्यांचे नकाशे बघितले की मी तासन्‌तास हरवतो.

लोकांच्या डोळ्यांसमोर चीनसारखी लांब भिंत येते. तसं काही नाही. ही जमिनीखालच्या किल्ल्यांची माळ आहे, मध्ये छोटे मोर्चे, काटेरी तारा आणि जमिनीत उभे रोवलेले रेल्वेचे रूळ, रणगाडे अडवायला. मोठ्या किल्ल्याची रचना अशी: टेकडीच्या मागच्या उतारावर दोन दारं, एक माणसांचं, एक दारूगोळ्याचं. तिथून भुयार पुढे जातं, कधी किलोमीटरभर, आणि टेकडीच्या पुढच्या अंगाला लढाईचे वेगवेगळे बुरूज वर उघडतात. हाकेनबेर्ग सगळ्यात मोठा, सुमारे दहा किलोमीटर भुयारं, हजारेक माणसं. आत साठ सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवर विजेची छोटी गाडी दारूगोळा घेऊन धावायची.

सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे लपणारा घुमट. पोलादी घुमट जमिनीच्या पातळीला बसलेला असतो, बाहेरून फक्त जाड झाकण दिसतं. मारा करायचा तेव्हा खालून वर उचलला जातो, ७५ मिलिमीटरच्या दोन तोफा गोळे फेकतात, घुमट पुन्हा खाली. एवढं वजन प्रतिभाराने तोललेलं, त्यामुळे वीज गेली तर माणसांनी हाताने फिरवून वर काढता यायचा. शत्रूच्या बाजूची भिंत आणि छत मोठ्या किल्ल्यांत साडेतीन मीटर जाडीचं.

हवा हा भूमिगत कामातला खरा शत्रू. पहिल्या युद्धातला विषारी वायू सगळ्यांच्या डोक्यात होता. म्हणून बाहेरची हवा गाळण्यांतून आत घ्यायची आणि आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा. फट राहिली तरी हवा बाहेर जाणार, वायू आत येणार नाही. तोफांचा धूरही त्याच दाबाने बाहेर. स्वयंपाकघरं विजेवर, धूर नको म्हणून. वीज एरवी बाहेरच्या जाळ्यातून जमिनीखालच्या केबलने यायची, ती तुटली तर स्वतःची डिझेल इंजिनं. ओलावा मात्र त्यांनाही शेवटपर्यंत छळत राहिला. मला ते अजिबात नवल वाटत नाही. डोंगराच्या पोटात पाणी वाट काढतंच.

१९३० सालच्या साधनांत हे सगळं इतक्या अचूकपणे केलं, त्या अभियंत्यांना माझा मनापासून नमस्कार.

चहाबाज

काका, तुमच्या प्रतिसादाचा स्वतंत्र लेख करा. वाचनखूण साठवली.

ऱ्हाइनकाठी

मी कार्ल्सरूहला राहते. विसेंबूरजवळचा शोएननबूर किल्ला आमच्याकडून गाडीने फार लांब नाही, भारतातून पाहुणे आले की त्यांना घेऊन जाते. वर साधी शेतं, सफरचंदाची झाडं, लाकडी चौकटीची आल्सेशियन घरं. दारातून आत शिरलं की जिने उतरत उतरत तीस मीटर खाली. बारा-तेरा अंश तापमान, वर्षभर तेवढंच. यंत्रज्ञकाकांनी सांगितलेला घुमट तिथे बघता येतो, आणि इंजिनघर, स्वयंपाकघर, दवाखाना, शिपायांचे पलंगही.

आतली माणसं स्वतःला जहाजावरचे खलाशी समजायची. दिवसाचे तीन भाग: एक गट तोफांवर, एक हाताशी तयार, एक विश्रांतीत. किल्ल्यातल्या सैनिकांत जवळपासच्या गावांतले बरेच होते, कारण हाक मारताच लवकर पोचणारी माणसं हवी होती. सप्टेंबर १९३९ मध्ये सरहद्दीजवळची गावं रिकामी केली गेली. स्ट्रासबर्ग शहर अख्खं हलवलं, लोकांना पार नैऋत्येला पेरिग्यूच्या भागात पाठवलं. म्हणजे पोरगा गावाखालच्या भुयारात, घर वर रिकामं, आईवडील फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला. मॅजिनोवर बोलताना ही माणसं कुणाला आठवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पुढचं बघा. जून १९४० मध्ये या किल्ल्यावर स्टुका विमानांनी बॉम्ब टाकले, ४२० मिलिमीटरच्या अजस्र तोफेने मारा केला. किल्ला चालू राहिला, तोफा चालू राहिल्या. शस्त्रसंधी २५ जूनला अमलात आली तेव्हा तो फ्रेंचांच्याच ताब्यात होता. १ जुलैला वरिष्ठांच्या हुकमाने किल्ला सोडावा लागला. न हरलेली माणसं युद्धकैदी झाली.

तटबंदी

ऱ्हाइनकाठी, यासाठीच धागा काढला होता. फेर्मों किल्ल्याचंही असंच. २१ जूनला मोठ्या तोफांचा मारा आणि त्यामागून पायदळाचा हल्ला, दोन्ही परतवले. आल्प्समध्ये तर माँतोंजवळ पाँ सँ-लुई पुलावरच्या एका मोर्च्यात नऊ जण होते. इटालियन सैन्य माँतों गावात शिरलं, पण समुद्रकाठच्या रस्त्यावरचा तो मोर्चा शस्त्रसंधीपर्यंत त्यांना घेता आला नाही.

पेठकर_७१

ला फेर्तेचंही सांगा मग. एकच बाजू नको.

तटबंदी

सांगायलाच हवं. ला फेर्ते हा लाइनच्या पश्चिम टोकाचा छोटा किल्ला, दोनच बुरूज, मोठ्या तोफा नाहीत. सेदाँ पडल्यावर आजूबाजूचं फ्रेंच सैन्य मागे सरकलं. जर्मनांनी आधी तोफांनी घुमट खिळखिळे केले, मग सुरुंग लावणारे सैनिक थेट छतावर चढले. १८ आणि १९ मेच्या त्या लढाईत आतले शंभराहून अधिक सैनिक धुराने, विषारी वायूने गुदमरून गेले. एकही वाचला नाही. शेजारी मोठा किल्ला असता तर त्याने आपल्या तोफा ला फेर्तेच्या छतावर रोखून हल्लेखोरांना झाडून काढलं असतं. मोठ्या किल्ल्यांची सगळी योजनाच तशी होती, एकाने दुसऱ्याचं अंग झाकायचं. ला फेर्ते एकाकी होता.

शार्दूल_मावळा

एक भर. लाइन कुठेच फुटली नाही असंही कुणी समजू नये. १४ जूनला जर्मनांनी सारच्या खिंडारात, म्हणजे लाइनमधल्या सार भागातल्या मोकळ्या जागेत, हल्ला केला. तिथे मोठे किल्ले नव्हते, पाणी सोडून केलेली दलदल आणि छोटे मोर्चे होते. फ्रेंच पायदळ पहिल्या दिवशी जोरात लढलं, मग माघारीचा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी कोलमारजवळ जर्मन ऱ्हाइन ओलांडून आले. दोन्ही वेळा मधल्या जागांचं रक्षण करणारं सैन्य आधीच निघत होतं किंवा निघालं होतं. किल्ल्यांची माणसं तेवढी मागे राहिली.

कोकणकडा

हे वाचताना आपले किल्ले आठवल्याशिवाय राहत नाहीत. औरंगजेबाने १७०० ते १७०५ मध्ये सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा एकेक करून घेतले, पण तेवढ्यात त्याची वर्षं आणि खजिना गेला. मराठी फौज मात्र माळव्यापर्यंत फिरत होती. किल्ला वेळ मिळवून देतो, लढाई मोकळं सैन्य जिंकतं. फ्रान्सला किल्ल्यांनी वेळ दिला, मोकळं सैन्य भलतीकडे गेलं.

इतिहासकोश

कोकणकडा, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. तुलना मात्र जपून करू या. सह्याद्रीतले किल्ले सरहद्दीची रेघ म्हणून बांधलेले नव्हते, प्रत्येक गड आपल्या मुलखाचा कारभार आणि रसद सांभाळायचा. मॅजिनोच्या किल्ल्याला कुठलाही मुलूख सांभाळायचा नव्हता, शेजारचा किल्ला आणि मधलं पायदळ नसेल तर तो अपुरा.

विदर्भी_ऊन

अवांतर: बार-लेव लाइन आठवली. १९६७ नंतर इस्रायलने सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर वाळूचा उंच बांध आणि त्यात मोर्चे बांधले. ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तच्या सैन्याने पाण्याच्या जोरदार पंपांनी बांध कापून वाटा पाडल्या. बॉम्बनी जे जमलं नसतं ते पाण्याने केलं. त्या दिवशी सगळ्या मोर्च्यांत मिळून पाचशेहून कमी सैनिक होते. उत्तरेकडचा बुडापेस्ट नावाचा एकच मोर्चा शेवटपर्यंत टिकला.

सुभेदाराचा_नातू

तटबंदीवर हल्ला करणाऱ्यांच्या बाजूनेही बोलू या, कारण तिथे आपली माणसं होती. इटलीत जर्मनांनी अपेनाइन डोंगरांतून समुद्रापासून समुद्रापर्यंत गॉथिक लाइन उभारली होती. भारताच्या ४ थ्या, ८ व्या आणि १० व्या डिव्हिजन तिथे लढल्या. पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जर्मनांनी पुराच्या उंच बांधांमध्ये मशीनगनचे मोर्चे खोदले होते. ९ एप्रिलला पहिल्या बटालियनचे, म्हणजे १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव तिथे होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. सोबतचे बरेचसे पडले. त्यांनी जखमी साथीदारांना मारा चालू असताना, सुरुंगांच्या पट्ट्यातून नदीपलीकडे आणलं, मग एकट्याने परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या तुकड्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात ३/५ मराठाचे यशवंत घाडगे असेच मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. माणगावच्या बाजूचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर.

काँक्रीट किती आणि तोफा किती याची चर्चा जरूर करा, पण त्या बांधावर चढायचं असतं तेव्हा काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. माझे आजोबा त्याच रेजिमेंटचे. ते या विषयावर घरात कधी बोलले नाहीत.

ऋतुजा_व

हे वाचून अंगावर काटा आला. दोघांबद्दल शाळेत एक ओळही शिकवली नव्हती.

चहाबाज

सलाम. आज चहा बाजूला ठेवून वाचतोय.

गस्त

मी सैन्यातून निवृत्त, पंजाबच्या सीमेवर बरीच वर्षं काढली. १९६५ च्या भारत-पाक युद्धातली इच्छोगिल कालव्याची लढाई आमच्या शिक्षणाचा भाग होती: लाहोरसमोरचा कालवा, काठावर काँक्रीटचे मोर्चे, डोगराई आणि बर्की ही गावं. आपली ३ जाट पलटण डोगराईपर्यंत ६ सप्टेंबरलाच पोचली होती, पाठबळ न मिळाल्याने मागे यावं लागलं, आणि तेच गाव २१-२२ सप्टेंबरच्या रात्री रक्त सांडून पुन्हा घ्यावं लागलं. अडथळा स्वतः युद्ध जिंकत नाही, वेळ देतो. तो वेळ कोण वापरतो यावर सगळं ठरतं.

म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. तटबंदी, तुमच्या बाजूने सगळे बोलले, पण सर्वांत मोठा आक्षेप कुणी घेतला नाही. लाइन कशासाठी बांधली? माणसं वाचवण्यासाठी, थोड्या सैन्यात लांब सरहद्द राखता यावी म्हणून. मग मे १९४० मध्ये काय दिसतं? लाइनसमोर जर्मनांची आर्मी ग्रुप सी, फॉन लीबच्या हाताखाली, १९ डिव्हिजन. त्यांच्यासमोर लाइनच्या मागे फ्रेंचांनी त्याहून कितीतरी जास्त डिव्हिजन ठेवल्या. म्हणजे काँक्रीटने जी माणसं मोकळी करायची, ती काँक्रीटच्याच राखणीला बसवली! आणि सेदाँला राखीव म्हणून पाठवायला कुणी नाही. किल्ल्यातल्या सैनिकांनी आपलं काम चोख केलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण योजना म्हणून बघाल तर लाइनचा मुख्य फायदाच फ्रेंचांनी घेतला नाही. याला मी अपयश म्हणतो, आणि ते लाइनच्या वापराचं आहे.

पेठकर_७१

गस्तसाहेब, हेच मी रणगाड्यांच्या नादात नीट मांडू शकत नव्हतो.

तटबंदी

गस्तसाहेब, हा मुद्दा कळीचा आहे, आणि धाग्यातला सर्वांत वजनदार. त्या डिव्हिजन तिथून का हलवल्या नाहीत, याचं उत्तर मात्र द्यायला हवं. एक कारण स्वित्झर्लंड. जर्मन स्वित्झर्लंडमधून येऊन लाइनच्या उजव्या टोकाला वळसा घालतील अशी भीती फ्रेंच सेनापतींना शेवटपर्यंत होती. जर्मनांनी ती भीती मुद्दाम पोसली, दक्षिणेत हालचालींचं नाटक केलं. जनरल जॉर्जने तिकडचं सैन्य ठेवलं, आणि जे हलवलं ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. गामलँचं मुख्यालय व्हँसेनच्या किल्ल्यात, तिथे रेडिओ नाही. हुकूम मोटारसायकलस्वारांच्या हातून जायचे. दुसऱ्या बाजूला गुडेरियन स्वतः रेडिओच्या गाडीत बसून पुढे. तेव्हा लाइनने दिलेला वेळ मोजायचा तर दिवसांत मोजावा लागतो, आणि फ्रेंच मुख्यालय दिवसांत निर्णय घेत होतं तर जर्मन तासांत.

गस्त

स्वित्झर्लंडची भीती समजते. पण भीतीपोटी किती डिव्हिजन ठेवायच्या याला हिशोब असतो. ज्या टोकाला डोंगर आणि नदी आहे तिथे सैन्य कमी ठेवायचं धाडस सेनापतीने करायलाच हवं, नाहीतर किल्ले बांधून उपयोग काय? मी माझ्या मतावर ठाम आहे.

निवृत्त_यंत्रज्ञ

दोघांचंही पटतंय. या किल्ल्यांचं पुढचं आयुष्य मात्र वाचण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी हाकेनबेर्गच्या एका बुरुजातल्या फ्रेंच तोफा अमेरिकेच्या ९० व्या डिव्हिजनवर डागल्या. अमेरिकनांनी १५५ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ जवळ आणून तो बुरूज मागच्या बाजूने फोडला. मागची भिंत पातळ होती, कारण हल्ला तिकडून येणार असं कुणी धरलं नव्हतं, आणि किल्ला शत्रूच्या हाती गेला तर तो परत घेता यावा म्हणूनही. शीतयुद्धात रोशोनव्हिलेर किल्ल्यात नाटोचं मुख्यालय होतं आणि होशवाल्डमध्ये फ्रेंच हवाई दलाचं रडार केंद्र. १९७० नंतर बरेच किल्ले विकले गेले.

ऋतुजा_व

दिवाळीनंतर भावाकडे फ्रँकफर्टला जायचा बेत आहे. एकच किल्ला बघायचा असेल तर कुठला?

ऱ्हाइनकाठी

ऋतुजा, शोएननबूर. तुझ्या वाटेवर तोच जवळ पडेल. हिवाळ्यात बरेच किल्ले बंद असतात, त्यामुळे तारखा आधी बघून घे आणि स्वेटर विसरू नकोस. दोन दिवस असतील तर हाकेनबेर्गही कर, तिथे ती विजेची गाडी अजून चालते. ला फेर्ते लांब आहे. पण आतली माणसं कोण होती हे जाणून घ्यायचं असेल तर तिथे जायला हवं, त्या सैनिकांची दफनभूमी किल्ल्याच्या जवळच आहे. येण्याआधी निरोप दे, माझी सुट्टी जुळली तर मी बरोबर येते.